सेदाँची शरणागती आणि दुसऱ्या साम्राज्याचा अंत

१८७० च्या मे महिन्यात फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन जितका निर्धास्त दिसत होता, तितका त्याआधी कित्येक वर्षांत दिसला नव्हता. ८ मे रोजी झालेल्या सार्वमतात ७३ लाखांहून अधिक मतदारांनी त्याच्या सुधारित राज्यघटनेला होकार दिला. नकार देणारे १५ लाखांच्या आसपास होते. त्यानंतर चार महिनेही पुरते उलटले नाहीत तोच, ४ सप्टेंबरच्या रविवारी दुपारी, ते साम्राज्य संपले. ते वाचवायला पॅरिसमध्ये कोणी पुढे आले नाही आणि ते पाडताना रक्तही सांडावे लागले नाही. या दोन तारखांच्या मधे फ्रान्स आणि प्रशिया यांच्यातल्या युद्धाचे अवघे साडेसहा आठवडे होते.

एवढी मते पाठीशी असलेली राजवट एका पराभवात कशी कोसळली, याचे उत्तर तिच्या जन्मापासून शोधावे लागते. लुई नेपोलियन बोनापार्ट हा पहिल्या नेपोलियनचा पुतण्या. १८४८ च्या क्रांतीनंतर तो काकाच्या नावाच्या बळावर प्रजासत्ताकाचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. लागोपाठ दुसऱ्यांदा अध्यक्ष होण्याची मुभा राज्यघटनेत नव्हती, म्हणून २ डिसेंबर १८५१ रोजी त्याने लष्कराच्या मदतीने सत्ता बळकावली आणि बरोबर एका वर्षाने स्वतःला सम्राट म्हणवून घेतले. २ डिसेंबर ही तारीख त्याने मुद्दाम निवडली होती. काकाचा राज्याभिषेक आणि ऑस्टरलिट्झचा विजय दोन्ही त्याच तारखेचे. बुर्बाँ राजांच्या पाठीशी शतकांची वंशपरंपरा होती. ते लढाया हरले, प्रदेश गमावून बसले, तरी राजेच राहिले. बोनापार्ट घराण्याला ती सोय नव्हती. त्यांची गादी लोकांच्या होकारावर उभी होती आणि तो होकार यशाच्या जोरावर मिळत होता.

पहिली दहा वर्षे यश मिळतही गेले. लोहमार्गांचे जाळे पसरले, मोठ्या बँका उभ्या राहिल्या, राजधानीचा प्रशासक ओस्मान याने जुने पॅरिस पाडून रुंद रस्त्यांचे नवे पॅरिस उभे केले. क्रिमियाच्या युद्धात रशिया नमला. १८५९ साली ऑस्ट्रियाला मॅजेंटा आणि सोल्फेरिनो इथे हरवल्यावर इटलीच्या एकीकरणाला वाट मिळाली आणि मोबदल्यात नीस आणि सव्हॉय फ्रान्सच्या पदरात पडले. मग मात्र फासे उलटे पडू लागले. मेक्सिकोत आपल्या तंत्राने चालणारे राज्य वसवण्याचा बेत पुरता फसला. फ्रेंच फौजा माघारी आल्यावर तिथल्या गादीवर बसवलेल्या मॅक्सिमिलियनला १९ जून १८६७ रोजी गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जुलै १८६६ रोजी, प्रशियाने बोहेमियातल्या सादोव्हाच्या रणांगणावर ऑस्ट्रियाचा निकाल लावला होता. ते युद्ध सात आठवड्यांत आटोपले आणि मध्यस्थी करून काही प्रदेश मिळवण्याची सम्राटाची आशा तशीच राहिली. त्याने मागाहून मागण्या केल्या: ऱ्हाइनकाठचा मुलूख, मग लक्झेंबर्ग, मग बेल्जियम. प्रशियाचा पंतप्रधान ऑटो फॉन बिस्मार्क याने प्रत्येक मागणी ऐकून घेतली आणि काहीच दिले नाही. बेल्जियमबद्दलच्या तहाचा मसुदा तर त्याने फ्रेंच राजदूताकडून लेखी घेऊन जपून ठेवला.

बिस्मार्कचे काम तेव्हा अर्धवट होते. १८६७ साली उत्तर जर्मन संघ तयार झाला, पण बव्हेरिया, वुर्टेंबर्ग, बाडेन ही दक्षिणेकडची राज्ये बाहेरच होती. तिथल्या लोकांना प्रशियाचा शिस्तीचा बडगा नको होता. मात्र एका गोष्टीसाठी त्यांनी गुप्त करार केले होते: जर्मनीवर बाहेरून हल्ला झाला, तर ती प्रशियाच्या बाजूने लढणार होती. फ्रान्सने आपणहून युद्ध पुकारले, तर जे काम बिस्मार्कला वाटाघाटींनी जमत नव्हते ते आपोआप होणार होते.

स्पेनच्या गादीचे निमित्त

युद्धाचे कारण पिरेनीजच्या पलीकडून आले. १८६८ च्या सप्टेंबरात स्पेनच्या राणी दुसऱ्या इसाबेलाला देश सोडावा लागला आणि तिथले पुढारी नव्या राजाच्या शोधाला लागले. त्यांच्यातल्या जनरल प्रिमची नजर होहेनझोलर्न-सिग्मारिंगेनच्या राजपुत्र लिओपोल्डवर गेली. हा राजपुत्र कॅथलिक होता, पण प्रशियाच्या राजघराण्याच्या एका शाखेतला. बिस्मार्कने पडद्याआडून या उमेदवारीला खतपाणी घातले. लिओपोल्डची निवड होईपर्यंत बातमी फुटू द्यायची नाही, म्हणजे फ्रान्सपुढे झालेली गोष्ट ठेवता येईल, असा बेत होता. एका सांकेतिक तारेचा उलगडा करताना तारीख चुकली, स्पेनचे विधिमंडळ निवड न करताच सुट्टीवर गेले आणि जुलैच्या सुरुवातीला पॅरिसला सगळे कळले.

पॅरिसमध्ये संतापाची लाट उसळली. पूर्वेला प्रशिया आणि दक्षिणेला प्रशियाच्या घराण्यातला राजा, ही कल्पना कोणत्याही फ्रेंच सरकारला सोसली नसती. ६ जुलैला परराष्ट्रमंत्री ग्रामाँने विधिमंडळात जवळजवळ युद्धाचीच धमकी दिली. धमकीचा उपयोगही झाला. १२ जुलैला लिओपोल्डच्या वडिलांनी मुलाची उमेदवारी मागे घेतली. फ्रान्सला हवे होते ते एकही गोळी न झाडता मिळाले होते आणि बिस्मार्क राजीनाम्याची भाषा बोलू लागला होता.

प्रकरण इथे थांबले असते, तर बहुधा साम्राज्यही टिकले असते. पण माघार लिओपोल्डच्या वडिलांनी घेतली होती, प्रशियाच्या राजाने नाही. आणि दरबारातल्या कट्टर गटाला राजाचे नाक खाली झालेले दिसायला हवे होते. १२ जुलैच्या संध्याकाळी ग्रामाँने सम्राटाची संमती घेऊन राजदूत बेनेदेत्तीला तार केली: ही उमेदवारी पुन्हा कधीही येऊ देणार नाही, असे वचन प्रशियाच्या राजाकडून घ्यावे. सरकारचा प्रमुख एमिल ओलिव्हिये याला ही तार जाण्यापूर्वी विचारलेसुद्धा नव्हते. मे महिन्यातल्या सार्वमताने ज्या जबाबदार राज्यपद्धतीवर शिक्कामोर्तब केले होते, ती ऐन कसोटीच्या वेळी अशी बाजूला सारली गेली.

राजा विल्यम तेव्हा एम्स या उष्णोदकाच्या गावी विश्रांतीला होता. १३ जुलैच्या सकाळी फिरायला निघालेल्या राजाला बेनेदेत्तीने वाटेत गाठले आणि वचन मागितले. राजाने सौम्यपणे, पण ठामपणे नकार दिला. दुपारी त्याने निरोप पाठवला की माघारीची बातमी पक्की आहे आणि आता आणखी सांगण्यासारखे काही नाही. या भेटीचा वृत्तान्त तारेने बर्लिनला बिस्मार्ककडे गेला. तो त्या वेळी सरसेनाप्रमुख मोल्ट्के आणि युद्धमंत्री रून यांच्यासोबत जेवायला बसला होता. त्याने तारेत खोटे काहीच घातले नाही. मजकूर फक्त इतका आखडला, की वाचणाऱ्या जर्मनाला वाटावे फ्रेंच राजदूताने राजाशी उद्धटपणा केला, आणि वाचणाऱ्या फ्रेंचाला वाटावे राजाने आपल्या राजदूताला दारातूनच परत पाठवले. ही आखूड तार त्याने वर्तमानपत्रांना आणि परदेशी दरबारांना दिली.

युद्धाची जबाबदारी बिस्मार्कवर टाकून मोकळे होणे सोपे आहे आणि पुढे तो स्वतःच त्याची फुशारकी मारीत असे. पण तार कितीही डिवचणारी असली, तरी तिला युद्धानेच उत्तर देण्याचे बंधन फ्रान्सवर नव्हते. सम्राट स्वतः द्विधा मनःस्थितीत होता. वयाची ६२ वर्षे झाली होती, मूत्राशयातल्या खड्याने तो हैराण होता, कधीकधी वेदनेने त्याला घोड्यावर बसणेही अशक्य होई. त्याच्याभोवतीचे लोक, आणि त्यांत सम्राज्ञी युजेनीही, सांगत होते की या वेळी कच खाल्ली तर मुलाला गादी मिळणार नाही. पॅरिसच्या रस्त्यांवर बर्लिनवर चालून जाण्याच्या घोषणा चालल्या होत्या. १५ जुलैला युद्धखर्चाची मागणी विधिमंडळात आली. वयोवृद्ध नेता आणि इतिहासकार अडोल्फ तिएर याने, मूळ मागणी मान्य झाली असताना रुसव्याफुगव्याच्या प्रश्नावर रक्त सांडू नका, असे परोपरीने बजावले. त्याला आरडाओरड करून बसवण्यात आले. ओलिव्हियेने ही जबाबदारी आपण हलक्या मनाने स्वीकारतो असे सांगितले आणि ते दोन शब्द त्याला मरेपर्यंत चिकटले. १९ जुलैला युद्धाची घोषणा बर्लिनला पोहोचली. जगाच्या नजरेत हल्लेखोर ठरला फ्रान्स.

मित्र कोणी आला नाही. दक्षिण जर्मन राज्ये करारानुसार प्रशियाकडे गेली. ऑस्ट्रियाला सादोव्हाचा सूड हवा होता, पण आधी फ्रेंच विजय पाहायचा होता, शिवाय रशियाचा धाक होता. इटलीला रोम हवे होते आणि रोममध्ये पोपच्या रक्षणासाठी फ्रेंच शिबंदी बसली होती. फ्रान्समधल्या कॅथलिक मतदारांना दुखवून ती काढणे सम्राटाला जमेना. इंग्लंडबद्दल जी काही आशा होती ती बिस्मार्कने २५ जुलैला संपवली. बेल्जियमचा जपून ठेवलेला मसुदा त्या दिवशी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आला.

दोन सैन्ये

फ्रेंच सैन्याची कीर्ती मोठी होती आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. पायदळाकडे १८६६ साली आलेली शास्पो बंदूक होती. ती १२०० मीटर आणि त्याहूनही लांबवर मारा करी. प्रशियाची ड्रायझे बंदूक सुमारे ६०० मीटरांतच दमून जाई. मित्राय्यूझ नावाचे, २५ नळ्यांचे, झटपट गोळ्या सोडणारे यंत्रही फ्रान्सकडे होते. पण ते इतके गुप्त ठेवले होते, की ज्यांनी चालवायचे त्यांनाच ते नीट शिकवलेले नव्हते. रणांगणात त्याला तोफेसारखे लांब उभे केले जाई आणि जर्मन तोफखाना त्याला चटकन टिपत असे. कारण तोफांच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी होती. फ्रेंच तोफा ब्राँझच्या, तोंडाने ठासायच्या. जर्मन तोफा क्रुपच्या कारखान्यातल्या पोलादी, मागून भरायच्या, लांब पल्ल्याच्या आणि नेम धरून मारणाऱ्या; त्यांचे गोळे जमिनीवर आपटताच फुटत. फ्रेंच गोळ्यांना वेळेवर बेतलेली वात असे आणि अंतराचा अंदाज चुकला की गोळा वाया जाई. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात क्रुपने आपली प्रचंड तोफ मांडली होती. लोक ती पाहून गेले, सरकारने धडा घेतला नाही.

तोफांहून मोठा फरक माणसांच्या व्यवस्थेत होता. प्रशियात धडधाकट तरुणाला तीन वर्षे सैन्यात, पुढे चार वर्षे राखीव दलात आणि मग लांडव्हेर या नागरी दलात नाव द्यावे लागे. फ्रान्समध्ये चिठ्ठ्या टाकून भरती होई आणि ज्याच्याकडे पैसा असे तो आपल्या जागी दुसरा माणूस विकत घेई. सादोव्हानंतर सम्राटाने हे बदलायचे ठरवले होते. युद्धमंत्री मार्शल नीएलने १८६८ साली कायदा आणला, पण विधिमंडळाने त्याचे दात काढले. नव्या फिरत्या रक्षक दलाला वर्षात जेमतेम दोन आठवड्यांचे शिक्षण द्यायचे ठरले, तेही एकेक दिवसाचे, रात्री घरी परतता येईल अशा बेताने. शेतकऱ्याला मुलगा शेतावर हवा होता, व्यापाऱ्याला करवाढ नको होती, आमदारांना मते हवी होती. इथेही राजवटीचा मूळ दोष दिसतो: मतदारांची नाराजी ओढवेल असे काही मागण्याचे धाडस सम्राटाला झाले नाही.

याचा परिणाम जुलैच्या शेवटच्या दोन आठवड्यांत साऱ्या युरोपला दिसला. जर्मनीत प्रत्येक पलटणीचा जिल्हा ठरलेला होता, प्रत्येक गाडीचे वेळापत्रक वर्षांपूर्वी आखलेले होते. अठरा दिवसांत सुमारे १२ लाख माणसे हत्याराखाली आली आणि साडेचार लाखांहून अधिक सरहद्दीवर पोहोचली. फ्रान्समध्ये पलटणी आधी निघाल्या आणि त्यांचे राखीव सैनिक मागून त्यांना शोधत फिरले. सैनिकाने आधी आपल्या पलटणीच्या कोठारावर जायचे, तिथे गणवेश आणि बंदूक घ्यायची, मग सरहद्द गाठायची, असा नियम होता. झुआव्ह नावाच्या पायदळ पलटणींची कोठारे अल्जीरियात होती, म्हणून उत्तर फ्रान्समधल्या राखीव सैनिकांना भूमध्य समुद्र ओलांडून ओरानला जावे लागले आणि तिथून परत अल्सासला यावे लागले. बेलफोर्टला पोहोचलेल्या एका सेनानीने पॅरिसला तार केली की आपली ब्रिगेड सापडत नाही, वरिष्ठ सापडत नाहीत, पलटणी कुठे आहेत ते ठाऊक नाही, आता काय करू? अधिकाऱ्यांना नकाशे मिळाले ते जर्मनीचे. लढाई फ्रान्सच्या भूमीवर होईल, हे कोणाच्या ध्यानीमनीच नव्हते.

२८ जुलैला सम्राट १४ वर्षांच्या युवराजाला बरोबर घेऊन मेट्सला निघाला. राज्यकारभार रीजंट म्हणून युजेनीच्या हाती आला. सैन्याचे सेनापतिपद त्याने स्वतःकडे ठेवले. ते पेलण्याची ताकद त्याच्या शरीरात नव्हती आणि त्यासाठी लागणारे युद्धज्ञान त्याच्याकडे कधीच नव्हते. पण बोनापार्ट नावाचा सम्राट युद्धात आघाडीवर न दिसणे, हेही त्या राजवटीला परवडणारे नव्हते.

ऑगस्ट १८७०

४ ऑगस्टला व्हिसेंबुर्गला पहिला तडाखा बसला. विभागाचा सेनापती आबेल दुए तिथेच मारला गेला. ६ ऑगस्टला एकाच दिवशी दोन पराभव झाले: अल्सासमध्ये वर्थ इथे मार्शल मॅकमहॉनचा, लोरेनमध्ये स्पिशेरेन इथे दुसऱ्या फौजेचा. यांतली एकही लढाई मोल्ट्केने योजलेली नव्हती. त्याच्या हाताखालचे सेनापती घाईने भिडत होते, पण तोफांचा आवाज ऐकताच शेजारच्या जर्मन तुकड्या धावून येत. फ्रेंच सेनापती मात्र वरून हुकूम येण्याची वाट पाहत. ९ ऑगस्टला ओलिव्हियेचे सरकार गडगडले आणि जनरल पालिकाओ सत्तेवर आला. १२ ऑगस्टला मुख्य सैन्याचा ताबा मार्शल बाझेनकडे गेला.

बाझेनने मेट्स सोडून पश्चिमेला व्हर्दँकडे हटायचे होते. १६ ऑगस्टला मार्स-ला-तूर इथे प्रशियाची एकच कोअर, म्हणजे सैन्याचा एक मोठा विभाग, त्याच्या आड आली. समोर सगळे फ्रेंच सैन्य आहे याची तिच्या सेनापतीला कल्पना नव्हती. तो पिछाडीची तुकडी समजून तुटून पडला. बाझेनने त्या दिवशी जोर लावला असता, तर वाट मोकळी झाली असती. त्याने लावला नाही. दोन दिवसांनी ग्रॅव्हलॉत आणि सँ-प्रिव्हा इथे सुमारे १,१३,००० फ्रेंच १,८८,००० जर्मनांशी झुंजले. शास्पोने प्रशियाच्या गार्ड पलटणी अक्षरशः कापून काढल्या. जर्मनांचे सुमारे २०,००० लोक पडले, फ्रेंचांचे त्याहून बरेच कमी. तरीही उजव्या बगलेवर मार्शल कानरोबेर मदतीची वाट पाहत राहिला आणि हाताशी असलेली राखीव फौज बाझेनने वेळेवर पाठवली नाही. रात्री तो मेट्सच्या तटाआड शिरला. फ्रान्सचे सर्वोत्तम सैन्य कोंडले गेले.

सम्राट त्याआधीच तिथून निघून शालाँच्या छावणीत पोहोचला होता. तिथे मॅकमहॉन नवे सैन्य जमवीत होता. १७ ऑगस्टला झालेल्या मसलतीत शहाणपणाचा निर्णय झाला: जनरल त्रोशूने पॅरिसचा गव्हर्नर म्हणून पुढे जावे, सम्राटाने राजधानीत परतावे आणि मॅकमहॉनने पॅरिसच्या तटबंदीच्या आश्रयाने लढावे. जर्मनांना तिथे गाठणे फार अवघड गेले असते. पण पॅरिसहून युजेनी आणि पालिकाओ यांचा निरोप आला की हरलेला सम्राट परत आला तर तो पळून आला असे दिसेल आणि क्रांती होईल. त्याने परत येऊ नये. मॅकमहॉनने बाझेनच्या सुटकेला जावे. सम्राटाला ना सैन्याचे आधिपत्य उरले होते, ना राजधानीत जागा. तो आपल्याच फौजेबरोबर सामानासारखा वाहिला जात होता.

२३ ऑगस्टला १ लाख २० हजारांच्या वर माणसे ईशान्येकडे निघाली. निम्मे सैनिक नवशिके, रसद अपुरी, पाऊस सततचा. बातमी मोल्ट्केला पुष्कळशी वर्तमानपत्रांतूनच मिळाली. त्याने दोन सैन्ये उजवीकडे वळवली आणि फ्रेंचांची वाट अडवली. २७ ऑगस्टला मॅकमहॉनने धोका ओळखून मेझिएरकडे हटण्याचा हुकूम काढला. त्याच रात्री पालिकाओची तार आली: बाझेनला सोडलेत तर पॅरिसमध्ये क्रांती झालीच समजा. मॅकमहॉनने हुकूम फिरवला. सैन्याचे काय होईल, या प्रश्नावर गादीचे काय होईल, या प्रश्नाने मात केली. या युद्धातला सर्वांत महाग पडलेला कागद एम्सची तार नसून पालिकाओची ही तार म्हटली पाहिजे.

सेदाँ

३० ऑगस्टला बोमाँजवळ एक कोअर बेसावध पकडली गेली आणि मॅकमहॉनने सारे सैन्य म्यूज नदीकाठच्या सेदाँ या जुन्या किल्ल्याच्या गावी आणले. भोवती टेकड्या, मधे खोलगट भागात गाव, मागे काही मैलांवर बेल्जियमची सरहद्द. त्याला एक दिवस विश्रांती घ्यायची होती. मोल्ट्केने तो दिवस वेढा पुरा करण्यात घालवला. त्याच्याकडे दोन लाखांवर सैन्य होते.

१ सप्टेंबरच्या पहाटे धुक्यातच बव्हेरियन पलटणींनी बाझेय गावावर हल्ला केला. फ्रेंच नौदलाच्या पायदळाने घराघरांतून प्रतिकार केला; गाव जळून गेले. सकाळी सहाच्या सुमारास मॅकमहॉन तोफगोळ्याने जखमी झाला आणि त्याने आधिपत्य जनरल द्युक्रोकडे दिले. द्युक्रोला सापळा दिसत होता. त्याने लगोलग पश्चिमेकडे हटण्याचा हुकूम सोडला. हालचाल सुरू झाली, तेवढ्यात जनरल व्हिम्पफेनने खिशातून पत्र काढले. त्याला अल्जीरियाहून येऊन दोनच दिवस झाले होते. मॅकमहॉनला काही झाले तर आधिपत्य याच्याकडे जावे, असे पालिकाओने त्या पत्रात लिहून दिले होते. व्हिम्पफेनने माघार रद्द केली आणि पूर्वेकडे फळी फोडण्याचा आदेश दिला. काही तासांत तीन सेनापती आणि एकमेकांविरुद्ध जाणारे हुकूम, आणि तेवढ्यात उत्तरेकडून दोन जर्मन बाजू एकमेकींना मिळाल्या.

त्यानंतर खरे काम तोफांनी केले. पाचशेच्या आसपास जर्मन तोफा टेकड्यांवरून त्या कढईत मारा करीत होत्या. फ्लोआँच्या उतारावर जनरल मार्गरितचे घोडदळ कोंडी फोडायला सरसावले. पाहणी करतानाच तो स्वतः प्राणांतिक जखमी झाला, तरी त्याच्या स्वारांनी पुन्हा पुन्हा हल्ले चढवले आणि ते पायदळाच्या गोळीबारात आडवे झाले. फ्रेनॉयजवळच्या टेकडीवरून राजा विल्यम, बिस्मार्क, मोल्ट्के, अमेरिकन सेनापती शेरिडन आणि परदेशी बातमीदार हे सारे दुर्बिणीतून पाहत होते. तिसरा नेपोलियन असह्य वेदना सोसत तासन्‌तास घोड्यावरून तोफांच्या माऱ्यात फिरत राहिला. त्याच्या आजूबाजूचे लोक पडले. त्याला काही लागले नाही. दुपारी त्याने पांढरे निशाण चढवायला लावले. राजा विल्यमला त्याने पत्र लिहिले: आपल्या सैनिकांमध्ये मरण येऊ शकले नाही, म्हणून आपली तलवार आपण त्यांच्या हाती देत आहोत.

त्या रात्री दाँशरी गावात शरणागतीच्या अटींवर बोलणी झाली. सम्राटाचा प्रतिनिधी जनरल कास्तेलनो याने धन्याची विनवणी मांडताच बिस्मार्कने विचारले, ही तलवार फ्रान्सची की सम्राटाची? फ्रान्सची असेल तर तहाचेच बोलता येईल. कास्तेलनोने उत्तर दिले, फक्त सम्राटाची. राज्य रीजंटकडे होते आणि सम्राटाला तिच्या वतीने काही कबूल करता येत नव्हते. शांततेची एक शक्यता तिथे मिटली. २ सप्टेंबरला बेलव्ह्यू या हवेलीत करारावर सह्या झाल्या. लढाईत आणि शरणागतीत मिळून लाखाच्या वर फ्रेंच सैनिक कैद झाले. सुमारे १७,००० मेले वा जखमी झाले होते. सम्राटाची रवानगी कासेलजवळच्या विल्हेल्म्सह्योए राजवाड्यात झाली.

४ सप्टेंबर

युजेनीला ३ सप्टेंबरच्या दुपारी तार मिळाली. रात्री एकच्या सुमारास विधिमंडळ भरले तेव्हा विरोधी पक्षाच्या ज्यूल फाव्रने बोनापार्ट घराण्याला पदच्युत करण्याचा ठराव मांडला. बहुसंख्य आमदार सम्राटाच्या कृपेने निवडून आलेले. ते ना ठराव नाकारू शकत होते, ना मान्य करू शकत होते. सकाळपर्यंत बैठक तहकूब झाली आणि हातचे तास निघून गेले. दुपारी जमाव सभागृहात घुसला. विरोधी पक्षाचाच आमदार लेओं गांबेत्ता याने आधी लोकांना आवरण्याचा प्रयत्न केला, मग राजवट संपल्याचे जाहीर केले. नवी सरकारे पॅरिसच्या नगरभवनातून घोषित व्हायची, अशी तिथली रीत. जमाव तिकडे वळला आणि प्रजासत्ताकाची घोषणा झाली. राष्ट्रीय संरक्षण सरकारचा अध्यक्ष झाला त्रोशू, ज्याला साम्राज्याने राजधानी राखायला पाठवले होते. वरिष्ठ सभागृहाचे सभासद मुकाट्याने घरी गेले. दुकानांच्या पाट्यांवरचे, साम्राज्याचे चिन्ह असलेले गरुड उतरवले गेले. युजेनी त्वीलरी राजवाड्यातून लूव्हरच्या दालनांमार्गे बाहेर पडली, टॉमस एव्हन्स नावाच्या अमेरिकन दंतवैद्याच्या घरी तिने आसरा घेतला आणि दोव्हीलहून एका इंग्रज सरदाराच्या नौकेने ती इंग्लंडला पोहोचली.

चार महिन्यांपूर्वी होकार देणारे ७३ लाख मतदार खेड्यापाड्यांत होते आणि तसेच राहिले. त्यांनी साम्राज्याला सुबत्तेसाठी आणि स्वस्थतेसाठी मत दिले होते. त्याच्यासाठी लढायचे असे कधी ठरलेच नव्हते.

युद्ध मात्र संपले नाही. अल्सास आणि लोरेन द्यायला नवे सरकार तयार नव्हते आणि बिस्मार्क त्याशिवाय थांबायला तयार नव्हता. १९ सप्टेंबरला पॅरिसला वेढा पडला. ७ ऑक्टोबरला गांबेत्ता फुग्यातून वेढ्यावरून निसटला आणि त्याने तूरला जाऊन नवी सैन्ये उभारली. २७ ऑक्टोबरला बाझेनने मेट्समध्ये सुमारे पावणेदोन लाख सैनिकांनिशी शस्त्रे खाली ठेवली. शरण येण्याआधी तो बिस्मार्कशी आणि इंग्लंडमधल्या युजेनीशी संधान बांधून साम्राज्य परत आणता येते का ते पाहत होता. पुढे लष्करी न्यायालयाने त्याला देहदंड सुनावला, तो वीस वर्षांच्या कैदेवर आला आणि त्यातूनही तो पळाला. लवार नदीकाठच्या नव्या फौजांनी कुलमिए इथे ९ नोव्हेंबरला एक विजय मिळवला, पण अनुभवी जर्मनांपुढे त्यांचा निभाव लागला नाही. घोड्यांचे, मग उंदरांचेही मांस खाऊन राहिलेल्या पॅरिसवर ५ जानेवारी १८७१ पासून तोफांचा मारा झाला. १८ जानेवारीला व्हर्सायच्या आरसेमहालात राजा विल्यमला जर्मन सम्राट म्हणून घोषित करण्यात आले आणि २८ जानेवारीला युद्धबंदी झाली.

या पाच महिन्यांत प्रजासत्ताक जवळजवळ प्रत्येक मोठी लढाई हरले. शेवटी त्याने साम्राज्याला सेदाँनंतर कदाचित मिळाल्या असत्या त्याहून बऱ्या अटी मिळवल्या असेही नाही. तरी ते कोसळले नाही, कारण ते कोणा एकाच्या कीर्तीवर उभे नव्हते आणि देश राखण्यासाठी ते लढले, हे सगळ्यांनी पाहिले होते.

फेब्रुवारीत निवडून आलेली राष्ट्रसभा बोर्दोला भरली. १ मार्च १८७१ रोजी तहाच्या प्राथमिक अटींवर चर्चा चालू असताना एक बोनापार्टवादी सभासद साम्राज्याची बाजू घेऊ लागला. सभागृह खवळले आणि तिथल्या तिथे, नगण्य विरोधात, तिसऱ्या नेपोलियनच्या पदच्युतीचा ठराव झाला. देशाचा नाश, परचक्र आणि देशाचे तुकडे यांना तोच जबाबदार असल्याचे त्यात नोंदवले गेले. त्याच बैठकीत ५४६ विरुद्ध १०७ मतांनी तहाच्या अटी मंजूर झाल्या. १० मे रोजी फ्रँकफुर्टला अंतिम तह झाला. अल्सास आणि लोरेनचा मोठा भाग जर्मनीत गेला, ५०० कोटी फ्रँकचा दंड बसला आणि तो फिटेपर्यंत जर्मन फौजा फ्रान्समध्ये राहिल्या; शेवटचे सैनिक १८७३ च्या सप्टेंबरात परतले. मे अखेरीस, पॅरिसमधले कम्यून हे बंडखोर सरकार चिरडले जात असतानाच्या रक्तपाताच्या दिवसांत, त्वीलरी राजवाडा जळाला. तिकडे इटलीत, फ्रेंच शिबंदी युद्धासाठी परत बोलावली गेल्यामुळे, २० सप्टेंबर १८७० रोजीच इटालियन सैन्य रोममध्ये शिरले होते आणि पोपची हजार वर्षांची ऐहिक सत्ता संपली होती.

कैदेतून सुटल्यावर तिसरा नेपोलियन इंग्लंडमध्ये चिझलहर्स्टला राहिला आणि मूतखड्यावरच्या शस्त्रक्रियांनंतर ९ जानेवारी १८७३ रोजी तिथेच वारला. बोनापार्टवादी पक्ष त्यानंतरही निवडणुकांत जागा मिळवत होता. त्यांची आशा युवराजावर होती. १८७५ च्या जानेवारीत राष्ट्रसभेने अध्यक्षाच्या निवडणुकीची तरतूद ३५३ विरुद्ध ३५२ अशा एका मताने मान्य केली आणि प्रजासत्ताक कायद्याने कायम झाले. युवराज ब्रिटिश सैन्याबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेला आणि १ जून १८७९ रोजी झुलूंशी झालेल्या चकमकीत, वयाच्या २३ व्या वर्षी, मारला गेला. मागे उरलेल्या नातलगांत वारस कोण यावरून भांडणे लागली आणि बोनापार्ट घराण्याचा फ्रान्सच्या गादीवरचा दावा व्यवहारात संपला.